बोलणं बंद झालेल्या भावाच्या शेजारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) कसं बसायचं?

बावखल | मंगळवार, रात्री १०.१२

खूप दिवस लिहू की नको करत होते. आज लिहितेच.

मी वसईची, कुपारी या इथल्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातली. गावाचं नाव देत नाही, आमच्या पट्ट्यात गाव सांगितलं की घर कळतं.

२००९च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. बाहेरच्यांना ही साधी सरकारी बातमी वाटेल. आमच्याकडे तिने घरं फोडली. माझे बाबा 'गावं वगळा' म्हणणाऱ्यांतले. बागायती वाड्या जातील, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी बुजवतील, घरपट्टी वाढेल आणि ग्रामसभेला कोणी विचारणार नाही, असं त्यांचं म्हणणं. धाकटे काका म्हणायचे, ग्रामपंचायतीने इतक्या वर्षांत दिलं काय? विहिरी खाऱ्या होत चालल्या, टँकरला पैसे मोजतोय, पाणी आणायचं तर महापालिकाच हवी. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. पण एका मोर्च्यानंतर आमच्या ओट्यावर असा काही वाद झाला की काकांनी येणं सोडलं.

चर्चमध्ये काका जन्मभर आमच्याच बाकावर, उजवीकडे दुसऱ्या रांगेत बसत आले होते. ते डावीकडे गेले. 'एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या' असं फादर म्हणाले की बाबा पुढे वळून, मागे वळून सगळ्यांना हात जोडायचे. डावीकडे मान वळायची नाही. मी शेजारी उभी राहून हे दर रविवारी बघत होते.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. आळीत मरियामातेची मूर्ती रोज एका घरी असते. संध्याकाळी तिथे जपमाळ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी त्या घराने मूर्ती पुढच्या घरी पोचवायची. क्रम आजीच्या काळापासून ठरलेला. आमच्यानंतर काकांचं घर. पहिल्या वर्षी मूर्ती मुलांच्या हाती पाठवली. दुसऱ्या वर्षी, २०१०ला, आई पुन्हा तेच म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. उठून पांढरा सदरा घातला आणि मूर्तीची काचेची पेटी दोन्ही हातांनी उचलली. मी मागून मेणबत्ती घेऊन. वाऱ्याने ती दोनदा विझली. काकी ओट्यावर उभी होती, काका आत खाटेवर. बाबा ओट्यावर चढले नाहीत, खालच्या पायरीवरच थांबले. काका उठून बाहेर आले. पेटी जड आहे, तळाला लाकडी पाट आहे. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना दोघांना एकमेकांच्या बोटांखालून बोटं सोडवून घ्यावी लागली, नाहीतर काच खाली आली असती.

"नीट धर," बाबा म्हणाले.

"धरलीय," काका म्हणाले.

सव्वा वर्षानंतरचं हे पहिलं बोलणं. मतं पुढेही बदलली नाहीत. बाबा मोर्च्याला जात राहिले, काका कधी गेले नाहीत. पण पुढच्या रविवारी काका उजवीकडे येऊन बसले. २०१६ला बाबा गेले तेव्हा शवपेटीला पुढचा खांदा काकांचा होता.

आता पाळी माझी आहे. २०२४ला आधी लोकसभा झाली, मग विधानसभा. माझा सख्खा भाऊ ज्या बाजूला गेला, त्या बाजूची माणसं आपल्याला या मातीतलं मानत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शब्दाने शब्द वाढला. मी ग्रुप सोडला. आई माझ्याकडे असते, तो तिला भेटायला येतो, तिची औषधं ठेवतो आणि जातो. माझ्याशी बोलत नाही, मीही बोलत नाही.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हा उतारा वाचला तेव्हापासून तीन रविवार मी ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभी राहिलेली नाही. बाकावरच बसून राहते.

मी माझं मत सोडायचं का? की आत एक आणि बाहेर एक असं वागून हात जोडायचे? तुमच्या घरात, तुमच्या चर्चमध्ये असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत ते सांगा.


झावळ्यांचा_रविवार | मंगळवार, रात्री ११.०५

ताई, ख्रिस्तप्रसाद सोडू नका. त्या रांगेत बरे झालेले लोक नसतात, सगळे आजारीच असतात.

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर मामेभावाने 'राजकारण बंद' असा नियम केला. आता तिथे सकाळची फुलं येतात आणि मयताची वेळ येते. भांडण थांबलं, हे खरं. पण कोणाच्या मनात काय चाललंय तेही कळेनासं झालं. याला शांती म्हणवत नाही.


सीनाकाठ | बुधवार, सकाळी ७.४०

मी नगरचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. आम्ही मिशनच्या वेळचे प्रोटेस्टंट. तुमची मूर्तीची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं, आमच्यात मूर्ती नसते तरीही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

तुमच्याकडे राजकारण बाहेरून येऊन घरात शिरलं. आमच्याकडे ते बाप्तिस्म्याच्या दिवसापासून घरातच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ला शिखांना मिळाला, १९९०ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ला सांगितलं की धर्माची अट काढा. २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला. कागद इकडून तिकडे फिरतायत आणि आमच्या तीन पिढ्या झाल्या.

माझ्या आजोबांचं नाव चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरात एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बाबांनी आपल्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहून घेतलं आणि आयुष्यभर गवंडीकाम केलं. चुलत्यांनी कागद तसाच ठेवला, ते सरकारी नोकरीला लागले. दोघे एकाच चर्चमध्ये, एकाच रविवारी. बाबा चारचौघांत म्हणायचे, "याने पोटासाठी प्रभू लपवला." चुलते कधी उलटून बोलले नाहीत. नाताळच्या भक्तीला उशिरा यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघून जायचे. माझ्या कॉलेजची फी त्यांनी भरली, हे मला बाबा गेल्यावर कळलं.

मला दोन्ही गोष्टी लिहायच्या आहेत. समेट करा असं नेहमी ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच सांगतात, आणि तो गप्प बसला की सगळे शांती झाली म्हणतात. तुमच्या भावाच्या बाजूचं जे तुम्हाला चूक वाटतं ते चूकच म्हणा, त्यात श्रद्धा मोडत नाही. पण माझ्या बाबांनी चुलत्यांच्या श्रद्धेचं माप काढलं. तो अधिकार त्यांना कोणी दिला होता? चुलत्यांच्या खिशातला कागद अन्यायी कायद्याने लिहायला लावलेला होता, आणि बाबांनी राग कायद्यावर काढायचा तो भावावर काढला.


बावखल | बुधवार, दुपारी १.१५

दादा, शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं. तेव्हापासून तुमचे चुलतेच डोळ्यांसमोर आहेत. शेवटच्या बाकावरच्या माणसाकडे मी आजवर कधी नीट बघितलेलं नाही.


मांडवीपार | बुधवार, सायंकाळी ६.५०

मी ख्रिस्ती नाही, गोव्यातला हिंदू आहे. चालणार असेल तर आजोबांकडून ऐकलेलं लिहितो.

१६ जानेवारी १९६७ला आमच्याकडे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आजोबा मराठी शाळेचे मास्तर, पक्के फुलवाले. शेजारचं ख्रिस्ती कुटुंब दोन पानांचं. पाऊण वर्ष दोन्ही घरांत विहिरीवरच काय तो शब्द व्हायचा. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. त्या रात्री वाड्यावर फटाके वाजत मिरवणूक निघाली. शेजारच्या घरातले थोरले त्या मिरवणुकीत होते, पण आमच्या दारापाशी येण्याआधी त्यांनी सगळ्यांना मागच्या पायवाटेने वळवलं. आजोबा हरल्याबद्दल फार कधी बोलले नाहीत. ती मिरवणूक वळवल्याची गोष्ट मात्र मरेपर्यंत सांगत होते.


खडा_सवाल | बुधवार, रात्री ९.३०

माझं मत इथे अनेकांना आवडणार नाही, तरी सांगतो. मी वेदीवरून राजकारण ऐकायला जात नाही. निवडणूक आली की मिस्सेनंतरच्या सूचनांत 'विवेकाने मत द्या' म्हणतात आणि कोणाला ते सगळ्यांना कळतं. वेगळं मत देणारा माझ्यासारखा माणूस त्या रविवारी स्वतःच्याच धर्मग्रामात परका होतो. धागाकर्त्या ताईंना भाऊ दिसतो, पण त्या भावाला चर्चमध्ये काय वाटत असेल याचा विचार कोणी केला आहे का? धर्मगुरूंनी प्रार्थना करावी, संस्कार द्यावेत, आम्हाला आमच्या अकलेवर सोडावं.


निर्मळची_वाट | बुधवार, रात्री १०.४५

तुमचं दुखणं मला कळतं आणि सूचनांबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. पण 'फादरने चर्चमध्येच राहावं' हे वाक्य वसईने आधीही ऐकलंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले तेव्हा हेच म्हटलं गेलं. म्हणणारे सगळे बाहेरचे नव्हते. जमिनीला भाव येत होता, टँकरचा धंदा जोरात होता, त्यात आपल्यातलेही लोक होते. फादर पाण्यावर, झाडांवर, दहशतीवर बोलायचे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि रोजची मिस्साही चुकवली नाही.

२०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या जागी बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाल्यापासून विरोध सुरू झाला, धमक्याही आल्या. ते संमेलनाला गेले आणि बोलले. मराठीत बोलले, संतांबद्दल बोलले, लेखकाने गप्प राहू नये याबद्दल बोलले. २५ जुलै २०२४ला ते गेले. अंत्यदर्शनाच्या रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते, त्या काळात आम्ही ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्यांपैकी एक. ते हातात रुमाल घेऊन रडत होते. मी काहीच बोललो नाही. रांग पुढे सरकली.

कोणाला मत द्यायचं हे वेदीवरून सांगू नये. पण गावाचं पाणी पळवलं जात असताना वेदीवरून पाण्याबद्दल एक शब्द निघू नये, हे मला पटत नाही.


खडा_सवाल | बुधवार, रात्री ११.२०

पाण्याबद्दल बोलण्याला माझी हरकत कधीच नव्हती. तेवढं धरून चालू.


नेकरकाठ | गुरुवार, पहाटे २.१०

जर्मनीत श्टुटगार्टला असतो, मूळचा पुण्याचा. इथलं उदाहरण लोक फार स्वस्तात वापरतात, कुठल्याही भांडणात समोरच्याला हिटलर म्हणून मोकळे होतात, म्हणून जपून लिहितो.

१९३३नंतर इथली प्रोटेस्टंट चर्च आतून फाटली. एक गट हिटलरमागे गेला. दुसऱ्याने १९३४च्या मे महिन्यात बार्मेनला जमून जाहीर केलं की चर्चचा प्रभू ख्रिस्त आहे, दुसरा कोणी नेता नाही. म्हणजे काही वेळा बाजू घ्यावीच लागते, आणि सीनाकाठ यांचं म्हणणं खरंच आहे.

पण मला सांगायचंय ते फिंकनवाल्डेबद्दल. त्या दुसऱ्या गटाची पाळक घडवणारी छोटी शाळा तिथे होती. डीट्रिख बोनहोफर १९३५पासून ती चालवत होते, १९३७ला गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली. पुढे ९ एप्रिल १९४५ला बोनहोफरना फाशी दिलं. बाहेर एवढं भयंकर चाललेलं असताना त्यांनी विद्यार्थ्यांना एक अगदी साधा नियम घातला होता: जो सोबती खोलीत हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आणि चुकून बोललं गेलं तर नंतर त्याला जाऊन सांगायचं की मी तुझ्याबद्दल असं बोललो. विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलंय की प्रवचनांपेक्षा या नियमाने त्यांना जास्त शिकवलं.

मी घरी हा नियम आठवडाभर पाळून पाहिला. सासूबाईंना तीन फोन करावे लागले. त्यातला तिसरा फोन तासभर चालला.

आणखी एक. मार्टिन नीमोलर हे इथले पाळक सुरुवातीला हिटलरचं स्वागत करणाऱ्यांतले. नंतर विरोधात गेले, १९३७ ते १९४५ कोठडीत आणि छळछावण्यांत काढली. सुटल्यावर ऑक्टोबर १९४५ला याच शहरात चर्चच्या पुढाऱ्यांनी दोषाची कबुली लिहिली. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, असं त्यात आहे. त्यावर नीमोलरांचीही सही आहे. आठ वर्षं भोगलेला माणूस बोट स्वतःकडे वळवतो, हे मला विसरता येत नाही.


कॅटेकिझमच्या_बाई | गुरुवार, दुपारी ३.३०

मुलांना बारा शिष्यांची नावं पाठ करून घेते तेव्हा दोन नावांपाशी थांबते. मत्तय जकातदार आणि शिमोन जिलोत. एक रोमच्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणारा. दुसऱ्याच्या नावालाच चिकटलंय ते रोमविरुद्ध पेटलेल्यांचं नाव. प्रभूने दोघांनाही एकाच जेवणाला बसवलं. तीन वर्षं चालताना त्यांच्यात काय बोलणं झालं असेल, शुभवर्तमानात एक ओळही नाही. परवा एका मुलाने विचारलं, "बाई, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा या दोघांचे त्याच पाण्याने धुतले का?" मला उत्तर आलं नाही. अजून विचार करतेय.


बावखल | रविवार, रात्री ९.५५

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. नेकरकाठ यांनी लिहिलेला नियम वाचल्यापासून झोप लागत नव्हती. भाऊ हजर नसताना मी त्याच्याबद्दल इथे अख्खा धागा काढला होता.

शुक्रवारी तो आईची औषधं घेऊन आला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं नेहमीप्रमाणे फ्रीजवर ठेवली आणि चपला घालायला लागला. मी म्हटलं, "मी तुझ्याबद्दल एका ठिकाणी लिहिलंय. वाच." मोबाईल त्याच्या हातात दिला. तो दारातच उभा राहून वाचत होता, एक चपल पायात, एक बाहेर. बाबांच्या आणि काकांच्या गोष्टीपाशी बराच वेळ थांबला. मग सगळं वाचून विचारलं, "माझी बाजू कुठेय यात? आणि तू मला काय म्हणालीस ते कुठेय?"

ते मी लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

ग्रुपवर, ४६ नातेवाइकांसमोर, मी त्याला यहूदा म्हटलं होतं. तीस रुपयांना प्रभू विकणारा. त्यात लहान मुलं होती, त्याची मुलगी होती. त्यानंतर मी ग्रुप सोडला आणि इथे येऊन 'शब्दाने शब्द वाढला' असं लिहिलं. सीनाकाठ दादांनी त्यांच्या बाबांचं लिहिलं तेव्हाच मला ते उमगलं होतं, पण कबूल करायला धीर झाला नाही.

आता त्याची बाजू, त्याच्या शब्दांत जमेल तेवढी. एप्रिल २०२१मध्ये आईचा ऑक्सिजन ८२वर आला. कुठेच बेड नव्हता. त्याने रात्रभर ज्यांना फोन केले त्यांत आपले लोक होते, चर्चमधले होते, मी ज्यांना मत देते त्या पक्षाचे होते. पहाटे चारला एकाने फोन उचलला आणि स्वतः गाडी घेऊन आला. तो माणूस त्या बाजूचा. "त्याच्या पक्षाचं सगळं मला पटतं असं मी कधी म्हटलंय? भाषणात आपल्याला बोलले तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो, हे चालणार नाही म्हणून. तू विचारलंस का कधी?" मी विचारलं नव्हतं. त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत स्वतःच तापाने पडले होते आणि बेड कसा मिळाला हे चार वर्षांत मला ठाऊकच नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. तो ज्या बाजूला आहे ती आपल्या लोकांच्या हिताची नाही असं मला आजही वाटतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, त्यावर बोलू, पण चहा कर आधी. खडा_सवाल, तुम्ही विचारलं होतं त्याला चर्चमध्ये काय वाटत असेल. मी त्याला विचारलं. तो वर्षभर संध्याकाळच्या मिस्सेला जात होता, सकाळी माझी नजर नको म्हणून.

काल आतेभावाला सांगून मी ग्रुपमध्ये परत गेले. दोन ओळी लिहिल्या: मी माझ्या भावाला यहूदा म्हटलं, ते चूक होतं, सगळ्यांसमोर म्हटलं म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग काकांनी, वय ७८, फोन केला. "मूर्तीचा क्रम लावायला बसलोय," म्हणाले. "तुमच्या दोन घरांचं कसं करू?"

मी म्हटलं, आहे तसाच ठेवा. ऑक्टोबर लागायला आठ दिवस आहेत. या वर्षी पेटी त्याच्या घरून माझ्याकडे यायची आहे.